नव्या ठेकेदाराने कॉम्प्युटरवर किती खर्च करावा, आणि आधी कशावर

तालुक्याच्या गावी टेंडर भरून देण्याचं आणि ठेकेदारांची बिलं, हिशोब सांभाळण्याचं काम मी करतो. डिप्लोमा किंवा डिग्री करून ठेकेदारीत उतरलेली पोरं माझ्याकडे येतात ती दोन टोकांची असतात. एकाने यूट्यूब बघून ड्रोन, थ्रीडी डिझाइन आणि महिन्याच्या भाड्याचं सॉफ्टवेअर ठरवूनच टाकलेलं असतं. दुसऱ्याचा बाप जुना ठेकेदार असतो आणि तो म्हणतो, "कायले पायजे तो कम्पुटर? आम्ही वहीवर बिल्डिंगा बांधल्या." दोघांनाही मी एकच गोष्ट सांगतो. मागच्या कामात पैसा जिथे गळला, तिथे पहिला रुपया लावा. बाकीचं नंतर.

बांधकामाचा धंदा या बाबतीत जगभरच मागे आहे. मॅकिन्सी या सल्लागार संस्थेने अमेरिकेतल्या उद्योगांची डिजिटल वापरानुसार क्रमवारी लावली, तेव्हा बांधकाम तळाच्या जवळ होतं आणि त्याच्या खाली फक्त शेती-शिकार होती. आपल्याकडे अर्धे ठेकेदार सोयाबीन-कपाशीही करतात, म्हणजे दोन्ही तळ आपलेच. त्याच संस्थेच्या 2016 च्या अहवालात म्हटलं होतं की बांधकाम कंपन्या आयटीवर उलाढालीच्या एक टक्क्याहून कमी खर्च करतात. हा एक टक्का लक्षात ठेवा, शेवटी आपला आकडा त्याच्याशी ताडून बघू.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी जुनी फाइल काढा

तुमचं एखादं काम पूर्ण झालं असेल तर त्याची फाइल घ्या. नसेल तर ज्याच्या हाताखाली काम शिकलात त्याच्याकडून मागा. अंगणवाडीची खोली असो, सिमेंट रस्ता असो की जिल्हा परिषदेच्या शाळेची दुरुस्ती. कागदावर तीनच गोष्टी लिहा: बिलातून काय कापलं गेलं, माल अंदाजापेक्षा किती जास्त लागला, मजुरीत किती फरक पडला.

बहुतेक फाइलींत कपातीची बाजू सगळ्यात जड निघते. रेती-मुरमाच्या रॉयल्टीच्या (सरकारी शुल्काच्या) पावत्या जोडल्या नाहीत म्हणून अडवलेली रक्कम, मोजमाप पुस्तिकेत (साहेब झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीत) न चढलेलं जास्तीचं खोदकाम, कापला गेलेला पण कधी परत न मागितलेला कर. यातल्या एकाही गोष्टीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कागद आणि फोटो वेळेवर सापडले पाहिजेत एवढंच. म्हणून खरेदीची यादी या कागदावरून करा, दुकानदाराच्या तोंडावरून नको.

दुसरी पायरी: टेंडर भरता येईल एवढं साहित्य

सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून लॉटरीत काम लागलं तर सुरुवात टेंडरशिवाय होते. पण ठराविक रकमेपुढची सरकारी कामं महाटेंडर्स पोर्टलवरूनच निघतात. तिथे शिरायला तीन गोष्टी लागतात: डिजिटल सही, विंडोजचा लॅपटॉप आणि खरं मायक्रोसॉफ्ट एक्सेल.

डिजिटल सही म्हणजे डीएससी. 2021 पासून क्लास 2 सह्या बंद झाल्या, आता क्लास 3 च मिळते. ती यूएसबी टोकनमध्ये येते. एक, दोन किंवा तीन वर्षांची घेता येते. दोन वर्षांची टोकनसकट अडीच हजारांच्या आसपास पडते. घेताना सही आणि एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करण्याची सोय) दोन्ही असलेली मागा, कारण काही पोर्टलना दोन्ही लागतात. मुदत कधी संपते ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाका. टेंडरच्या शेवटच्या दिवशी सही संपल्याचं कळलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. नवी सही आली की ती पोर्टलवर पुन्हा जोडावी लागते, तेही एक वेगळं काम.

आता माझ्याच धंद्याच्या विरोधात एक सांगतो. टोकन आणि पिन टेंडर भरणाऱ्याकडे ठेवून जाऊ नका. आमच्या भागात एकेका ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये वीस-वीस ठेकेदारांची टोकनं पडलेली असतात आणि पिन चिकटपट्टीवर लिहून वर चिकटवलेला असतो. त्या टोकनाने केलेली सही कायद्याने तुमची सही आहे. समोर बसून भरून घ्या आणि टोकन खिशात घालून घरी न्या. पिन सतत चुकला तर टोकन लॉक होतं आणि आतली सही गेली ती गेली, हेही ध्यानात असू द्या.

एक्सेलबद्दल पोरं फार वाद घालतात. लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि चांगलं आहे, रोजच्या हिशोबाला मी स्वतः ते सुचवतो. पण पोर्टलवरची बीओक्यू फाइल, म्हणजे कामाच्या बाबींची दर भरायची यादी, मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) असलेली असते आणि ती मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्येच नीट चालते. शिवाय अलीकडचं एक्सेल इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो आपोआप अडवतं. लाल पट्टी दिसली की फाइल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, खाली 'अनब्लॉक' वर टिक करा आणि मग उघडा. फाइलचं नाव बदलायचं नाही, प्रकार बदलायचा नाही, ओळ वाढवायची नाही. टक्केवारीच्या टेंडरमध्ये, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के जास्त की कमी ते भरायचं अशा टेंडरमध्ये, 'एक्सेस' (जास्त) आणि 'लेस' (कमी) असे दोन पर्याय असतात. बारा टक्के कमी भरायचं मनात असून 'एक्सेस' राहिलं, तर तुमचा दर बारा टक्के जास्त गेला. खाली अक्षरी रक्कम आपोआप येते. ती मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्याला ऐकवा.

आणि सगळी कागदपत्रं चढवून झाली, रक्कम भरली, म्हणून टेंडर गेलं असं नाही. शेवटी 'फ्रीझ बिड' चं बटण दाबावं लागतं. ते दाबून पावती उतरवली की मगच टेंडर दाखल. पानाच्या वर सर्व्हरचं घड्याळ दिसतं. वेळ त्याचीच धरली जाते, तुमच्या मनगटावरच्या घड्याळाची नाही. अनामत रक्कम एनईएफटीने भरणार असाल तर ती एक दिवस आधी भरा, कारण पोर्टलवर दिसायला वेळ लागतो.

लॅपटॉप कोणता? आठ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज आधीपासून असलेला, पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा. याहून भारी मशीन ज्याला ड्रॉइंग काढायचं आहे त्याने घ्यावं. बिल नागपुरात सीताबर्डीला घ्या की तालुक्याच्या दुकानात, तुमच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी असतो आणि धंद्यासाठी घेतला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. "पक्कं बिल नको, हजार रुपये कमी करतो" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकलं तर साडेसहा-सात हजारांचं क्रेडिट आणि वॉरंटी दोन्हींवर पाणी सोडता.

तिसरी पायरी: वीज, ऊन आणि रेंज

शहरातल्या लेखांमध्ये हा भाग नसतो आणि आपल्याकडे निम्मी मशीनं यानेच मरतात.

लॅपटॉप घेतला की बॅटरी असल्यामुळे यूपीएसचा प्रश्न बराचसा सुटतो. पण प्रिंटर आणि राउटर उघडे राहतात. टेंडर भरताना लाइट गेली तर लॅपटॉप चालू राहतो आणि नेट बंद पडतं, म्हणजे उपयोग काही नाही. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटची सवय ठेवा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, तो सुरू होताना एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस बसतो.

अर्थिंग आधी तपासून घ्या. दुसऱ्यांच्या इमारतीत आपण खड्डा, कोळसा, मीठ सगळं इमानदारीने घालतो आणि स्वतःच्या ऑफिसात तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबतो. मे अखेर ते मृगापर्यंत विजा पडतात तेव्हा प्लग आणि राउटरची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ऊन हा दुसरा शत्रू. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 35 अंशांपर्यंतच्या तापमानात चालवायचं लिहिलेलं असतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि साइटवरच्या टिनाच्या शेडमध्ये सावलीतही भट्टी असते. लॅपटॉप साइटवर न्यायचाच नाही हा माझा नियम. साइटवर फोन पुरतो. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवण्याची सवय असेल तर ती मोडा. उन्हाने बॅटरी फुगते आणि फोन नेमका स्लॅबच्या दिवशी बंद पडतो.

रेंजसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात काम लागलं तर तिथे कोणतं नेटवर्क चालतं ते ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला किंवा शाळेच्या मास्तरांना विचारा, टॉवरच्या जाहिरातीवर जाऊ नका. तिथे जे काही करायचं ते नेटशिवाय चालणारं हवं: फोटो फोनमध्ये, हजेरी वहीत किंवा ऑफलाइन शीटमध्ये, आणि गावात परत आल्यावर चढवायचं.

चौथी पायरी: फोन हाच तुमचा सगळ्यात फायद्याचा खर्च

बिलाची भांडणं बहुतेक गाडल्या गेलेल्या कामावरून होतात. भिंत सगळ्यांना दिसते, पाया कोणाला दिसत नाही.

आपल्याकडच्या काळ्या मातीचं उदाहरण घ्या. ड्रॉइंगमध्ये पायाची खोली दीड मीटर. खोदायला लागलात तर मुरूम लागतो सव्वादोन मीटरवर. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून साहेब, म्हणजे खात्याचे इंजिनिअर, तोंडी सांगतात, "मुरूम लागेपर्यंत जा." तुम्ही जाता. काँक्रीट पडतं, माती भरली जाते, सहा महिन्यांनी बिलाच्या वेळी साहेबांची बदली झालेली असते. नवे साहेब विचारतात, जास्तीचं पाऊण मीटर कुठे आहे? त्यांचंही चूक नाही, त्यांनी पाहिलेलं नाही.

अशा वेळी जे कामी येतं ते असं: खड्ड्यात उभा धरलेला टेप, त्यावरचा आकडा वाचता येईल असा जवळून एक फोटो, आणि मागे शाळेची इमारत दिसेल असा लांबून एक. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश छापणारी जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारखी अॅपं फुकट मिळतात, तीच वापरा. सरकारलाही आता याची सवय लागली आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे हप्ते त्या-त्या टप्प्याच्या जिओटॅग फोटोवरच पुढे सरकतात. फोटो काढले त्याच दिवशी, जास्तीचं काम मंजूर करावं म्हणून साध्या कागदावर अर्ज करून उपविभागाच्या आवक रजिस्टरचा शिक्का घ्या. फोटो एकटा पुरेसा नसतो, तो शिक्क्याच्या अर्जासोबत असला की वजन येतं.

टप्पे ठरवून ठेवा: खोदकाम, मुरूम भराईचा प्रत्येक थर, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फुटिंगचा लोहा, कॉलमच्या रिंगांमधलं अंतर, स्लॅबचा लोहा काँक्रीट पडण्याआधी, आतून गेलेले पाइप. प्रत्येकी दोन-तीन फोटो पुरेत. संध्याकाळी ते कामाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, 'शाळा-कंपाउंड-फुटिंग-4' असं नाव देऊन. चार हजार फोटोंच्या गॅलरीत पाया शोधत बसणारा ठेकेदार मी मार्च एंडिंगला दरवर्षी बघतो.

एक बारीक गोष्ट. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्या आतली ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

फोन दहा-बारा हजारांचा चालतो. पण तो साइटचा फोन असू द्या, पोराच्या गेमचा नाही.

पाचवी पायरी: दोन शीट, यापेक्षा जास्त नको

एक माल, एक मजुरी. सुरुवातीला एवढंच.

मालाच्या शीटमध्ये तारीख, माल, गाडी नंबर, किती ब्रास किंवा किती पोती, दर, कोणाकडून, आणि एक रकाना पासचा. रेती, मुरूम, गिट्टीच्या गाडीसोबत महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून निघणारा वाहतूक पास असतो. गाडी खाली होताच त्याचा फोटो काढा आणि शीटमध्ये त्या ओळीपुढे पासचा नंबर टाका. बिलाच्या वेळी हे पास जोडता आले नाहीत तर रॉयल्टीची रक्कम बिलातून अडते. गाडीवाला "उद्या आणून देतो" म्हणतो. तो उद्या मी तरी आलेला पाहिला नाही.

आता शीटचा खरा उपयोग कसा होतो ते बघा. हजार चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब आहे. हजार गुणिले पाच भागिले बारा, म्हणजे सुमारे 416 घनफूट. एका घनमीटरमध्ये 35.3 घनफूट, म्हणून हे होतात 11.8 घनमीटर. एकास दीड-तीन (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणात एका घनमीटरला सिमेंटची साधारण आठ पोती लागतात. म्हणजे स्लॅबला पंचाण्णवच्या आसपास पोती, बीम असतील तर त्यांचं वेगळं. हे सूत्र एकदा शीटमध्ये घालून ठेवलं की लांबी, रुंदी, जाडी टाकताच आकडा समोर. आता स्टॉकच्या रकान्यात 112 पोती खर्ची पडलेली दिसली, तर प्रश्न विचारायचा. मिस्त्रीने सेंट्रिंग खाली बसलेलं न बघता जाडी वाढवली का? माल सांडला का? की सतरा पोती कुणाच्या घरच्या ओट्याला गेली? पोत्याला साडेतीनशे रुपये धरले तरी सहा हजारांच्या आसपास रक्कम झाली. एका स्लॅबची.

इथे एक सबुरीचा सल्ला. पहिल्या स्लॅबला फरक आला म्हणून मिस्त्रीवर चोरीचा आळ घेऊ नका. सूत्र बांधून दिलेलं असलं तरी साइटवर घमेल्याने मोजमाप होतं. दोन-तीन स्लॅबचे आकडे जमू द्या, मग तुमचा स्वतःचा दर पोत्यांमध्ये कळेल. तो दर हाच पुढच्या टेंडरला किती टक्के कमी भरायचं याचा आधार होतो. छापील सरकारी दरसूची सगळ्यांकडे असते. स्वतःच्या खर्चाचा दर ज्याच्याकडे असतो तो वीस टक्के कमी भरून रडत नाही.

मजुरीचं शीट साधं आहे: नाव, काम, पूर्ण हजेरी, अर्धी हजेरी, उचल, दिलेले पैसे. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी बेरीज करा आणि रेजा (बाई मजूर) असो की मिस्त्री, प्रत्येकाला त्याची ओळ दाखवा. वाद तिथल्या तिथे मिटतात. यातून मजुराचाही फायदा होतो: बांधकाम कामगार मंडळात 18 ते 60 वयाच्या कामगाराच्या नोंदणीला मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या बिलातून एक टक्का उपकर त्याच मंडळासाठी कापला जातो, तर तुमच्या माणसांना त्याचा लाभ मिळू द्या. हजेरीचं शीट असलं की खरा दाखला द्यायला दहा मिनिटं लागतात.

हजेरीची बोटाचा ठसा घेणारी मशीन घेऊ का, असं हमखास विचारतात. घेऊ नका. सिमेंट-चुन्याने मजुरांच्या बोटांवरचे ठसे झिजलेले असतात. रांग लागते आणि सकाळचा अर्धा तास त्यातच जातो.

सहावी पायरी: हिशोब आणि कापलेला कर

टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर लगेच घ्यायची गरज नाही. वर्षाला चार-पाच कामं असतील तर सीएचं ऑफिस तुमचे हिशोब तसेही टॅलीत घालतं. परवाना करासकट पंचवीस हजारांच्या आसपास जातो. खरेदीच्या पावत्या महिन्याला पाच-पन्नासच्या पुढे गेल्या की घ्या.

पण एक गोष्ट सीएवर सोडून विसरू नका. करार अडीच लाखांपुढचा असेल तर सरकारी कार्यालय बिलातून 2 टक्के जीएसटी-टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापतं. तो पैसा तुमचाच आहे. मात्र कार्यालयाने आपलं विवरण भरलं की जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस क्रेडिट' मध्ये जाऊन ते तुम्हाला स्वीकारावं लागतं, तेव्हाच ते तुमच्या रोख खात्यात जमा होतं. न स्वीकारलेलं क्रेडिट तिथेच पडून राहतं, आणि ते पडून आहे हे वर्ष-वर्ष कळत नाही. वीस लाखांच्या कामाला चाळीस हजार. एका लॅपटॉपची किंमत, नुसत्या क्लिकने. आयकराचा टीडीएस वेगळा असतो, वैयक्तिक नावावर 1 टक्का. तो 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कापलेल्या कराच्या तक्त्यात, दिसतो का हे दर तिमाहीला बघा. दिसत नसेल तर कार्यालयाने पॅन चुकीचा टाकला असेल. तो लवकर कळला तर लवकर दुरुस्त होतो.

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर आयकरात 40 टक्के घसारा (वस्तू जुनी होते त्याची वजावट) मिळतो. पण तुम्ही उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर नफा दाखवून विवरण भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. "मार्चमध्ये लॅपटॉप घे, टॅक्स वाचेल" असं कुणी म्हणालं तर आधी आपण कोणत्या पद्धतीने विवरण भरतो ते सीएला विचारा.

सातवी पायरी: काय घ्यायचं नाही

ड्रोन नको. थ्रीडी मॉडेलिंग नको. महिन्याच्या भाड्याने मिळणारी मोठ्या कंपन्यांची साइट-सॉफ्टवेअरं नकोत. समृद्धी महामार्गासारख्या 701 किलोमीटरच्या कामाला त्यांची किंमत वसूल होते, चारशे मीटरच्या सिमेंट रस्त्याला होत नाही.

ऑटोकॅड नुसतं ड्रॉइंग बघायला घेऊ नका. कंपनीचंच ट्रूव्ह्यू फुकट मिळतं, त्यात ड्रॉइंग उघडतं आणि मापंही घेता येतात. चोरीचं सॉफ्टवेअर दोनशे रुपयांत टाकून देणारे प्रत्येक तालुक्याला आहेत. ज्या मशीनवर तुम्ही डिजिटल सही लावता आणि नेटबँकिंग करता, त्याच मशीनवर कुणी फोडलेली फाइल चालवणं म्हणजे तिजोरीची चावी वाटसरूला देणं.

आठवी पायरी: बॅकअप आणि माणूस

जीमेलसोबत 15 जीबी जागा फुकट मिळते. त्यात फोटो, मेल आणि अँड्रॉइडचा व्हॉट्सअॅप बॅकअप सगळंच मोजलं जातं, म्हणून ती वर्षाच्या आत भरते. धंद्यासाठी वेगळा जीमेल काढा आणि एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. दर अमावस्येला म्हणा की दर पहिल्या तारखेला म्हणा, एक दिवस ठरवा आणि सगळं तिच्यावर उतरवा. ती डिस्क ऑफिसात ठेवू नका, घरी ठेवा. दोषदायित्वाचा कालावधी (काम झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ) संपून अनामत परत मिळेपर्यंत त्या कामाचं काहीही पुसायचं नाही. पासवर्ड आणि नोंदणीचा मोबाइल नंबर तुमच्याच नावाचा हवा. ऑपरेटरच्या मेलवर महाटेंडर्सचं खातं उघडलेलं असलं की ऑपरेटर गाव सोडून गेला तर तुमचं खातंही त्याच्यासोबत गेलं.

आता बेरीज करू. पन्नास लाखांची वार्षिक उलाढाल धरा. लॅपटॉप 45,000, ऑफिस 10,000, इंक टँक प्रिंटर 14,000 आणि हार्ड डिस्क 5,000 हे पाच वर्षं चालतील असं मानलं तर वर्षाला 14,800. सही वर्षाला 1,250, नेट 7,200, साइटच्या फोनचा रिचार्ज 3,500, शाई-कागद 4,000, दुरुस्ती 2,000. एकूण 32,750, म्हणजे उलाढालीच्या पाऊण टक्क्याच्याही आत, मॅकिन्सीच्या त्या एक टक्क्याखालीच. साइटचा फोन नवा घ्यावा लागला तरी फार हलत नाही.

पण यात सगळ्यात मोठा खर्च अजून धरलाच नाही. ही शीटं भरणार कोण? तुम्ही साइटवर, संध्याकाळी गिट्टीवाल्याच्या मागे. गावातली बारावी झालेली, एमएससीआयटी केलेली मुलगी किंवा मुलगा रोज दोन-तीन तासांसाठी ठेवलात, महिन्याला सहा हजार दिलेत, तर वर्षाचे 72,000 होतात. सगळ्या यंत्रांच्या दुपटीहून जास्त. दोन्ही मिळून दोन टक्क्यांच्या जरा वर जातं. ठेकेदार इथेच हात आखडतात: मशीनला पैसे देतात, माणसाला देत नाहीत, आणि मग लॅपटॉपवर धूळ बसते. माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा प्रिंटर घेऊ नका, झेरॉक्सच्या दुकानात छापा, पण माणूस ठेवा. घरातच वहिनी किंवा बहीण हिशोबाला पक्की असेल तर तिला ठेवा, आणि पगार देऊन ठेवा. फुकटचं काम दिवाळीपर्यंत चालतं.

पुढची खरेदी केव्हा? दुसरी साइट सुरू झाली की दुसरा फोन. मालाच्या पावत्या शीटमध्ये मावेनाशा झाल्या की टॅली. तालुक्याला स्वतःची स्कीम टाकून फ्लॅट विकायला निघालात आणि जमीन 500 चौरस मीटरपुढे आणि सदनिकाही आठपुढे गेल्या, तर महारेराची (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) ऑनलाइन नोंदणी आणि तिमाही माहिती भरणं आलं. तेव्हा अर्धवेळ माणसाला पूर्णवेळ करा. आणि उलाढाल पाच कोटींपुढे गेली, तर जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकांच्या बिलांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं. त्या वर्षी एप्रिलच्या आधीच सीएकडे बसून बिलाचं सॉफ्टवेअर ठरवा, कारण एप्रिलमध्ये त्याच्याकडे बसायला जागा नसते.